ब्रीदरचा पाइप कुठे सोडायचा?

स्वतःची घाण स्वतः आवरावी, हे आपल्याला बालवाडीपासून शिकवलेलं असतं आणि ते कुणी नाकारतही नाही. पण रोजच्या जगण्यात हा प्रश्न 'आवरावी की नाही' अशा सरळ रूपात सहसा समोर येत नाही. तो येतो एखाद्या नळीच्या नाहीतर गटाराच्या तोंडाच्या रूपात. हे तोंड इकडे वळवायचं की तिकडे, एवढंच ठरवायचं असतं. ते ठरवताना आपण काही नैतिक निर्णय घेतोय असं कुणाला वाटत नाही. खर्च, वेळ आणि कटकट यांचा हिशेब करून आपण मोकळे होतो.

मला इथे अशाच एका नळीबद्दल लिहायचं आहे. ती ट्रकच्या डिझेल इंजिनावर असते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदरचा पाइप म्हणतात. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, ती टर्बोपासून काढून खाली रस्त्याकडे सोडायच्या विचारात होता. त्याने मला विचारलं, "यात चुकीचं काय आहे, तेवढं सांग." मस्करीत नव्हे, खरंच विचारलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा मी केलेला विचार आहे.

इंजिनाची ढेकर

आमचं सुपा पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. बारामतीकडचं सुपे वेगळं. इथे एमआयडीसी आहे, डोंगरावर पवनचक्क्या आहेत आणि मधून रात्रंदिवस वाहणारा रस्ता आहे. कांदा, दूध, सिमेंट, कारखान्यांचे सुटे भाग, सगळं त्यावरून जातं. नगरकडे निघालं की कामरगावचा घाट लागतो आणि भरलेल्या गाड्या तिथे कण्हत चढतात. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दादाचा एक ट्रक आहे. एकच. तो स्वतः चालवतो आणि त्याच्यावर अजून हप्ते आहेत.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण प्रश्न यंत्राच्या पोटातच आहे.

डिझेल जळतं तेव्हा त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुरातून सायलेन्सरवाटे निघून जाते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या धुराला कामाला लावायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. धुराच्या वाटेत एक छोटं चाक बसवायचं. डोंगरावरची पवनचक्की वाऱ्यावर फिरते तसं हे चाक धुरावर फिरतं, फक्त मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त मिळते. हा टर्बो.

दुसरी गोष्ट तितकी प्रसिद्ध नाही. पिस्टनवर रिंगा असतात. त्या कितीही चांगल्या असल्या तरी प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली निसटतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. तिथे आधीच ऑइल उडत असतं. त्यामुळे जळका वायू, न जळलेलं डिझेल, काजळी, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक थेंब यांचं मिश्रण तयार होतं. त्याला वाट दिली नाही तर पोटातला दाब वाढतो आणि सीलमधून ऑइल गळू लागतं. म्हणून ब्रीदर. इंजिनाची ढेकर म्हणा हवं तर.

ही ढेकर सोडायच्या दोन तऱ्हा आहेत. नळी खाली रस्त्याकडे सोडली की वायू हवेत गेला, विषय संपला. याला उघडा ब्रीदर म्हणू. दुसऱ्या तऱ्हेत नळी टर्बोच्या तोंडाशी जोडतात. टर्बो हवा ओढतो, त्याबरोबर हा वायूही ओढला जातो, पुन्हा इंजिनात जातो आणि जळतो. याला बंद ब्रीदर म्हणू. म्हणजे इंजिन आपला धूर आपणच गिळतं.

दादाच्या ट्रकमध्ये कंपनीने बंद ब्रीदर दिला होता. दोन वर्षांपूर्वी घाटात पिकअप मिळावा म्हणून त्याने टर्बोचा बूस्ट वाढवून घेतला आणि पंपातून डिझेलही वाढवलं. गाडी पळायला लागली. पण सिलिंडरमधला दाब वाढला की रिंगांवरून निसटणारा वायूही वाढतो, आणि रिंगा झिजल्या की आणखी वाढतो. आता ब्रीदरमधून इतकी ऑइलची वाफ येत होती की टर्बोचं चाक चिकट झालं होतं आणि इंटरकूलरमध्ये ऑइल साचलं होतं. मिस्त्रीने टोपण काढून इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय हे दाखवलं आणि सल्ला दिला, "ही नळी टर्बोवरनं काढ, खाली सोडून दे. टर्बो बी वाचंल, तुझं डोकं बी."

मिस्त्री अडाणी नव्हता, हे आधीच सांगते. त्याच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे. रिंगा फार झिजलेल्या असतील तर बंद ब्रीदर धोक्याचाही ठरू शकतो. ऑइल भरमसाट ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. त्यामुळे 'कंपनीने दिलंय तसंच ठेव' एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

फायद्याचा धूर, तोट्याचा धूर

हे सगळं समजून घेताना मला एक गोष्ट खटकली. टर्बो आणि बंद ब्रीदर या दोन्ही एकाच जातीच्या कल्पना आहेत. 'इंजिनातून बाहेर पडणारं वाया का घालवायचं, परत आत घ्या,' असं दोन्ही सांगतात. पण टर्बोने परत घेतलं की मालकाला ताकद मिळते, आणि ब्रीदरने परत घेतलं की मालकाला खर्च येतो. म्हणून पहिल्याचा बूस्ट आपण वाढवून घेतो आणि दुसऱ्याची नळी काढून टाकतो. एकाच इंजिनावर, एकाच मिस्त्रीकडून.

म्हणजे आपल्यातून निघालेल्या वस्तूचं नातं आपण फायद्यावरून ठरवतो. उपयोगी असेल तर ती 'माझी ऊर्जा', तापदायक असेल तर ती 'हवा'. शेतातलं शेण माझं खत आणि घरातलं सांडपाणी मात्र गल्लीचं. कारखान्यातला भंगार पत्रा वजन करून विकायचा आणि रंगाचं पाणी रात्री नाल्यात सोडायचं. या यादीत आपण सगळेच कुठे ना कुठे असतो.

दादाचा प्रश्न असा होता: हवेत सोडलं तर कुणाचं काय नुकसान होतं? 'हवेत' हा शब्द तो सहज वापरतो, आपणही वापरतो. जणू ती एक मोकळी खोली आहे आणि तिथे कुणी राहत नाही. मी त्याला म्हटलं, आपण नळी सोडतोय तिथे काय आहे ते बघू. घाटात ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढतो तेव्हा मागे दुचाकीवर एखादं कुटुंब असतं, पुढे लहान मूल बसलेलं. नाक्यावर ट्रक चालू ठेवून उभा राहतो तिथे चहाची टपरी असते, पंक्चरवाला असतो. उन्हाळ्यात क्लीनर गाडीच्या सावलीत अंथरूण टाकतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत केबिन इंजिनाच्या डोक्यावरच असते. म्हणजे खाली सोडलेली वाफ गाडी उभी असताना वर केबिनमध्ये येते. त्या 'हवेत' पहिला राहणारा माणूस दादाच आहे.

यात अतिशयोक्ती करायची नाही. जुन्या ट्रकमध्ये ब्रीदरपेक्षा सायलेन्सरमधून कितीतरी जास्त धूर निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग होण्याचं निश्चित कारण ठरवला, तो निर्णय सायलेन्सरच्या धुराबद्दल होता. पण अमेरिकेत शाळांच्या बसमधली हवा मोजली गेली तेव्हा आतल्या बारीक कणांमध्ये उघड्या ब्रीदरचा वाटा ठळकपणे दिसला. शिवाय नव्या गाड्यांचा सायलेन्सर फिल्टरमुळे जसजसा स्वच्छ होत जातो, तसतसा एकूण घाणीत त्या लहानशा नळीचा वाटा मोठा होत जातो.

आपल्या समाजात तर 'बाहेर' या शब्दाला फार जुना इतिहास आहे. गावाची घाण गावाबाहेर आणि ती उचलणारी माणसंही गावाबाहेर, अशी रचना इथे शतकानुशतकं चालली. हाताने मैला उचलायला लावण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, तरी २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. एका रबरी नळीची तुलना जातीच्या अन्यायाशी करण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण 'बाहेर टाकलं की संपलं' असं वाटणं कुठून येतं, हे विचारायला हरकत नाही. बाहेर कायम कुणीतरी होतं. फक्त त्यांना मोजायची आपल्याला सवय नव्हती.

एका ट्रकने काय होतं?

दादाचा पुढचा मुद्दा जास्त अवघड होता. "या रस्त्यावरून दिवसाला हजारो गाड्या जातात. माझ्या एका नळीने काय फरक पडणार?"

खरंच, काय फरक पडतो? उद्या सकाळी दादाचा ट्रक रस्त्यावर आलाच नाही तर टपरीवाल्याच्या छातीला तो फरक जाणवेल का? नाही जाणवणार. एका ट्रकने होणारं नुकसान इतकं बारीक आहे की ज्याला होतं त्यालाही ते कळत नाही. मग न कळणारं नुकसान हे नुकसान म्हणायचं का?

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली आलेल्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात यावर एक कल्पित उदाहरण दिलं आहे. समजा, हजार कैदी आहेत आणि हजार छळ करणारे. पूर्वी एकेक जण एकेका कैद्याला विजेचा भयंकर झटका द्यायचा. मग व्यवस्था बदलली. आता प्रत्येक जण असं बटण दाबतो की हजारही कैद्यांची वेदना अगदी रतीभर वाढते, इतकी कमी की कैद्यालाही ती वाढ जाणवू नये. हजार जणांनी बटण दाबलं की प्रत्येक कैद्याला पूर्वीइतकीच भयंकर वेदना होते. पण आता कुणालाही विचारा, तो म्हणेल, मी तर कुणालाच जाणवेल असं काही केलं नाही. प्रत्येक जण खरं बोलतोय आणि तरी हजार माणसं तळमळतायत.

पारफिटचं म्हणणं साधारण असं की 'माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं' हा प्रश्नच अपुरा आहे. 'आम्ही सगळे मिळून जे करतोय त्यात माझा हात आहे का' असं विचारायला हवं. मला हे पटतं, आणि ते पटायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही. ओव्हरलोडने रस्ता खचतो तेव्हा कोणत्या ट्रकने खड्डा पाडला हे सांगता येत नाही. म्हणून खड्डा कुणीच पाडला नाही असं दादाही म्हणत नाही. उलट सगळ्यांना शिव्या देतो.

हप्ते, भाडं आणि रील

इथवर दादा ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, "तुझं सगळं बरोबर. पण रिंगा बदलायच्या म्हणजे इंजिन खोलायचं. गाडी आठवडाभर उभी. हप्ता कोण भरणार?"

याला माझ्याकडे चलाख उत्तर नव्हतं आणि नसावंच असं मला वाटतं. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे त्याला 'घाण स्वतः गीळ' असं सांगणं आणि दहा हजार ट्रकांच्या मालकाला तेच सांगणं यात फरक आहे. भाडी इतकी ताणलेली असतात की माल वेळेत पोचला नाही तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. मग आणखी एक टन जास्त भरायचा, त्यासाठी बूस्ट वाढवायचा, त्याने रिंगा घालवायच्या आणि शेवटी नळी खाली सोडायची. ही साखळी दादाच्या गॅरेजमध्ये सुरू होत नाही. ती सुरू होते जिथे कुणीतरी ठरवतं की वाहतूक अजून स्वस्त पाहिजे. त्या 'कुणीतरी'त फ्री डिलिव्हरीचं बटण दाबणारे मी आणि तुम्हीही आहोत. मी हे ज्या फोनवर लिहितेय आणि तुम्ही ज्यावर वाचताय, ते दोन्ही कोणत्या तरी ट्रकमधून आले आहेत. त्या ट्रकचा ब्रीदर कुठे सोडलेला होता, हे आपण विचारलं नाही.

पण नाइलाजाची सूट सगळ्यांना सारखी लागू होत नाही. आपल्या फीडमध्ये पिकअप आणि एसयूव्ही काळ्या धुराचे लोट सोडताना दिसतात, खाली गाणं वाजत असतं आणि लाइक्स पडत असतात. तिथे हप्ता नाही, घाट नाही, भाडं नाही. तिथे धूर हीच ताकदीची जाहिरात आहे. खरं तर काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणजे न जळता वाया गेलेलं इंधन. ज्याला इंजिन कळतं त्याला तो धूर बघून ट्यूनिंग कच्चं आहे एवढंच दिसतं. दादाचा दोष आणि या रीलवाल्यांचा दोष एका तराजूत घालणं मला मान्य नाही. दादा दुसऱ्यावर ओझं टाकतो कारण त्याच्यावरही कुणीतरी ते टाकलेलं आहे. रीलवाला मजा म्हणून टाकतो.

तरीही नाइलाज म्हणजे निर्दोष असणं नव्हे. टपरीवाल्याला दादाच्या हप्त्यांची सहानुभूती वाटेलही, पण त्याच्या फुप्फुसाला ती वाटू शकत नाही. नाइलाज आपल्याला दोषातून थोडं सोडवतो, हिशेबातून सोडवत नाही. मला वाटतं, दादाच्या प्रश्नाचं उत्तर या 'हिशेब' शब्दापाशी कुठेतरी आहे.

कायदा काय बघतो?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा, परवानगी नसलेला बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाड्यांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या अधिकृत संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आमच्या नगरमध्येच आहे. पुण्यात एआरएआय आहे. म्हणजे नियमही आहेत आणि नियम तपासणारी यंत्रंही हाकेच्या अंतरावर आहेत.

पण रस्त्यावर आलेल्या गाडीचं काय तपासलं जातं? पीयूसी. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात, ॲक्सिलरेटर दाबतात आणि धूर किती दाट आहे ते मोजतात. ब्रीदर कुठे सोडलाय हे त्या यंत्राला दिसतच नाही. उलट बंद ब्रीदर असेल तर ऑइलची वाफ जळून सायलेन्सरमधून येते आणि ती मोजली जाते. उघडा असेल तर ती गाडीखालून गुपचूप निघून जाते. म्हणजे आपला धूर आपण गिळणाऱ्याचा आकडा वाढू शकतो आणि रस्त्यावर सोडणाऱ्याचा कमी होऊ शकतो. क्वालिटीत काम करणारी बाई म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. जिथे गेज लागतं तिथला पार्ट चकचकीत असतो.

कायदा नैतिकतेची जागा घेऊ शकत नाही असं आपण नेहमी म्हणतो. इथे ते अगदी शब्दशः खरं आहे. कायद्याचा हात जिथे संपतो तिथून पुढे हातभर अंतरावर ती नळी लोंबतेय. ती कुठे जोडायची हे शेवटी मिस्त्री आणि मालक यांच्यातच ठरतं.

पाण्याचं जमलं, हवेचं का जमत नाही?

आमच्या भागाला तर सामायिक गोष्टी सांभाळायचे धडे बाहेरून आणायची गरज नाही. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात आहे. १९७५ नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने तिथे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली आणि कोरड्या गावात पाणी आलं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात त्याहून पुढचं पाऊल टाकलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं.

गॅरेट हार्डिनने १९६८ साली लिहिलं होतं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की असं व्हायलाच हवं असं नाही. माणसं एकत्र बसून नियम करतात आणि पाळतातही. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हिवरे बाजारचे शेतकरी ही गोष्ट नोबेलची वाट न बघता करत होते.

मग हवेचं का जमत नाही? माझ्या मते दोन कारणं आहेत. पाणी गावात राहतं, ट्रक गावातून निघून जातो. सुप्यात धूर सोडणारा माणूस रात्री सोलापुरात किंवा सुरतेत असतो, त्याला ग्रामसभेत उभं करता येत नाही. दुसरं म्हणजे विहिरीचं पाणी दोरी सोडून मोजता येतं. ते किती उतरलं हे शाळेतल्या मुलालाही दिसतं. ब्रीदरमधून किती गेलं हे कुणालाच दिसत नाही. हिवरे बाजारच्या लोकांना संयम जमला याचं एक मोठं कारण असं की आधी त्यांच्यासमोर आकडा आला.

आधी हिशेबात धर

या नळीचा जगातला इतिहासही आकड्यापाशीच येऊन थांबतो. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसवर पिवळट धुरकं साचायचं. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा माग गाड्यांपर्यंत आणून दाखवला. पुढे लक्षात आलं की पेट्रोल गाड्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बन वायूंपैकी पाचवा ते चौथा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नव्हता, तो ब्रीदरमधून येत होता. म्हणून प्रदूषण रोखण्यासाठी गाड्यांवर बसवलेली पहिली वस्तू कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एक साधी नळी आणि व्हॉल्व्ह बसवून ही ढेकर परत इंजिनात वळवली गेली.

टर्बोवाल्या मोठ्या डिझेल इंजिनांना मात्र अमेरिकेत कित्येक वर्षं सूट होती. कारण? ऑइलच्या वाफेने टर्बो आणि इंटरकूलर खराब होतात. म्हणजे आमच्या मिस्त्रीचा युक्तिवाद जसाच्या तसा अमेरिकी नियमातही होता. ही सूट २००७ च्या मॉडेलपासून संपली. पण संपवताना 'सगळ्यांनी गिळलंच पाहिजे' असा हट्ट धरला गेला नाही. पर्याय दोन ठेवले. एकतर ब्रीदर बंद करा, नाहीतर उघडा ठेवायचा असेल तर त्यातून जे जातं ते सायलेन्सरच्या धुरात मिळवून एकूण आकडा मर्यादेत बसवून दाखवा. युरोपच्या युरो-६ नियमांतही असाच पर्याय आहे.

मला हा दुसरा पर्याय नैतिकदृष्ट्या फार शहाणपणाचा वाटतो. तो शुद्धतेची मागणी करत नाही. बाहेर सोडायचं तर सोड, पण ते तुझ्या नावावर लिही, इतकंच तो म्हणतो. आणि एकदा नावावर लिहावं लागलं की माणसं उपाय शोधतात. त्यानंतर ब्रीदरच्या वाटेत ऑइल वेगळं करणारे सेपरेटर मोठ्या प्रमाणावर आले. काहींत गाळण असते, काहींत गरगर फिरणाऱ्या चकत्या. ऑइल गाळून परत संपमध्ये, वायू टर्बोकडे, आणि टर्बोही स्वच्छ. म्हणजे 'टर्बो वाचवू की रस्ता' हा पेच मुळात इतका पक्का नव्हता. हिशेब ठेवायची गरज नव्हती तोवर तो पेच सोडवायची गरज कुणाला वाटली नाही, एवढंच.

दादाने काय केलं ते सांगते. बूस्ट कंपनीच्या सेटिंगवर परत आणला, कारण तो वाढलेला असेपर्यंत बाकी काहीही टिकणार नव्हतं. रिंगांचं काम दिवाळीनंतरच्या मंदीवर ढकललं. तोपर्यंत नळी टर्बोवरून काढली, पण रस्त्यावर सोडली नाही. तिच्या टोकाला पाच लिटरचा जुना कॅन बांधला आणि वर वायू जायला भोक ठेवलं. हा काही खरा उपाय नाही. वायू बाहेर जातोच, फक्त ऑइल आणि पाणी कॅनमध्ये जमतं. मी हे त्याला सांगितलंही. पण दोन खेपांनंतर त्याने कॅन हलवून दाखवला. तळाशी दुधाळ-काळं, जळकट वासाचं पाणी साचलं होतं. तो म्हणाला, "एवढं पडत होतं होय खाली?"

तो कॅन त्याने मिस्त्रीलाही दाखवला. मिस्त्रीने हात पुसत बघितलं आणि त्याच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली जाऊन तिथली लोंबती नळी बोटाने चाचपली. काही बोलला नाही.

दादाच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे. नळी खाली सोडणं चुकीचं आहे, कारण त्या वाफेने कुणाचा तरी श्वास अडतो. पण त्याआधीची चूक ती वाफ 'हवेत गेली' म्हणून खात्यातून खोडून टाकण्याची आहे. आपण सगळेच सगळी घाण गिळू शकत नाही. शरीरही गिळत नाही, इंजिनही गिळत नाही. पण काय सोडतोय, किती सोडतोय आणि ते कुणाच्या अंगावर जातंय, एवढं मांडून ठेवणं गरिबालाही परवडतं, कारण त्याला एक कॅन आणि थोडी तार लागते. ज्यांना त्याहून जास्त परवडतं त्यांच्याकडून त्याहून जास्त मागायला हवं: भाडं ठरवणाऱ्यांकडून, गाड्या बनवणाऱ्यांकडून, पीयूसीची नळी फक्त एकाच तोंडात घालणाऱ्यांकडून, आणि लाइक देण्याआधी रीलमधला धूर कुठे चाललाय हे न बघणाऱ्या आपल्याकडूनही.